आईच्या हाताला झेपणारा कॅमेरा

आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे आणि दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. तिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला कॅमेरा द्यायचा असं दादाने आणि मी ठरवलं, तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण कॅमेऱ्यांची माहिती वाचायला बसलं की अंगठा आणि डोळा कुठेच येत नाहीत. मेगापिक्सेल येतात, झूम येतो, सेकंदाला किती फोटो निघतात ते येतं. तो कॅमेरा कुणाच्या हातात जाणार आहे, हा रकाना त्या तक्त्यांत नसतो. तो आपला आपण भरावा लागतो.

आई नाशिकला दादा-वहिनींकडे राहते. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर पक्षी बघायला लागली आणि त्यात अशी रमली की हिवाळ्यातला रविवार म्हणजे नांदूरमधमेश्वर हे घरात ठरूनच गेलं. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथला हा जलाशय. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या बंधाऱ्यामुळे गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्ष्यांना हवी तशी दलदल झाली. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. आईला मात्र असली विशेषणं आवडत नाहीत. ती म्हणते, नांदूर म्हणजे नांदूर.

तिच्याकडे एक वही आहे. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. शिक्षिकेचं अक्षर, सरळ समासरेषा. त्या वहीत बऱ्याच ठिकाणी 'भुवई की चक्रांग?' असं लिहिलेलं असायचं. भुवई बदक आणि चक्रांग बदक यांचे नर ओळखायला सोपे असतात, माद्या मात्र दोन्ही तपकिरी आणि चट्ट्यापट्ट्यांच्या. डोळ्यावरची पट्टी किती ठळक आहे, पंखावर हिरवा पट्टा दिसतो का, शेपटीच्या बाजूला फिकट रेघ आहे का, हे बघावं लागतं, आणि तोवर ते बदक पाण्यात मान घालून बसलेलं असतं. दुर्बिणीतून जे दिसतं ते दिसलं तेवढंच. घरी येऊन पुस्तकाशी ताडून पाहायला हाती काही उरत नाही. आईला फोटो हवा होता तो यासाठी. भिंतीवर लावायला सुंदर फोटो काढायची तिला हौस नव्हती. तिला पुरावा हवा होता.

हे एकदा स्पष्ट झालं आणि पुढची बरीच वाट सोपी झाली. आपण भेट द्यायला निघतो तेव्हा 'चांगला कॅमेरा' शोधतो. पण आईला चांगला कॅमेरा नको होता. शंभर मीटरवरच्या तपकिरी बदकाचा डोळा दाखवणारा कॅमेरा हवा होता, आणि तो तिला स्वतःला उचलता यायला हवा होता.

दादाचं पहिलं म्हणणं, नवा महागडा फोनच घेऊया, तो चालवायला तिला शिकवावं लागणार नाही. म्हणून मी थोडं गणित मांडलं. फोनचा नेहमीचा कॅमेरा साधारण २४ मिलिमीटरच्या लेन्सइतकं दृश्य पकडतो. शंभर मीटरवर त्याच्या चौकटीत सुमारे १५० मीटर रुंदीचा परिसर येतो. अर्ध्या मीटरचं बदक त्यात किती दिसणार! फोनमधली पाच पट झूमची लेन्स घेतली तरी तीसेक मीटर. तेच १३६५ मिलिमीटरच्या लेन्सला शंभर मीटरवर जेमतेम पावणेतीन मीटरची रुंदी दिसते, म्हणजे बदक चौकटीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकं मोठं येतं. हे मी कागदावर चौकोन काढून दादाला दाखवलं. फोनचा विषय तिथेच मिटला.

झूमच्या 'पटीं'बद्दल इथेच सांगून टाकते, कारण दुकानात सगळ्यात जास्त तीच ऐकवतात. ६५ पट, ८३ पट, १२५ पट. हा आकडा म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांबच्या टोकाला सर्वांत जवळच्या टोकाने भागलेलं उत्तर. १३६५ भागिले २१ म्हणजे ६५. २००० भागिले २४ म्हणजे ८३. पक्ष्यांसाठी फक्त वरचा आकडा बघायचा, १३६५ किंवा २०००. खालच्या आकड्याने देवळाचा गाभारा किंवा लग्नातला ग्रुप फोटो नीट येतो, बदक नाही.

मामेभावाने त्याचा जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि ७०-३०० ची लेन्स देऊ केली होती. मनापासून देत होता. पण ३०० च्या लेन्सची पोच त्याच्या सेन्सरवर, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, ४५० पर्यंतच जाते, आणि नांदूरला मनोऱ्यावरून पाणी जिथे सुरू होतं तिथे ४५० ला बदक म्हणजे ठिपका. खरी पक्ष्यांची लेन्स घ्यायची म्हणजे तिचं वजन आणि किंमत दोन्ही आईच्या आवाक्याबाहेर. त्याला तसं सांगितलं. त्यालाही पटलं.

मग राहिले दोन मार्ग. एक, लहान आकाराचा मिररलेस कॅमेरा, म्हणजे आत आरसा नसलेला पण लेन्स बदलता येणारा, आणि त्याला हलकी लांब लेन्स. दुसरा, लेन्स न बदलणारा, लांब झूमचा कॅमेरा, ज्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात.

मिररलेसमध्ये मी कॅननचा आर५० आणि त्यावर १००-४०० ची लेन्स पाहत होते. फोटोच्या दर्जात ब्रिज कॅमेरा त्याच्या जवळपास जात नाही, हे आधी मान्य करायला हवं. कारण सेन्सर. ब्रिज कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, आर५० चा २२.३ बाय १४.९ चा, म्हणजे क्षेत्रफळात बारापट. एवढा प्रकाश जास्त गोळा होतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो स्वच्छ येतो. शिवाय तो पक्ष्याचा डोळा आपोआप शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो. उडत्या पक्ष्यासाठी ते फार मोलाचं.

पण लहान सेन्सरचाच दुसरा परिणाम म्हणजे लांब पोच. कॅननच्या एसएक्स७० मध्ये लेन्सची खरी लांबी कमाल २४७ मिलिमीटर आहे. सेन्सर इवलासा असल्यामुळे ती मोठ्या सेन्सरवरच्या १३६५ इतकी पोच देते. मोठ्या सेन्सरवर तेवढी पोच देणारी लेन्स बनवली तर ती उचलायला दोन माणसं लागतील. सेन्सर लहान म्हणून लेन्स लहान, लेन्स लहान म्हणून वजन कमी, आणि त्याची भरपाई कमी उजेडातल्या खरखरीत फोटोंनी. सगळा सौदा एवढाच आहे, आणि तो समजून केला तर वाईट नाही.

एव्हाना मी ही सगळी माहिती आईपासून लपवून गोळा करत होते, कारण वाढदिवसाला अचानक द्यायचं असं ठरलेलं. वहिनीने मला थांबवलं. तिचं बोलणं नेहमी थोडकं असतं. म्हणाली, "अगं, आईंना चपला घेतानासुद्धा आपण बरोबर नेतो." मुद्दा बिनतोड होता. चष्मा, चप्पल आणि संधिवाताच्या हातात धरायची वस्तू माणसाला न दाखवता घ्यायची नसते. दादाला आश्चर्याचा धक्का द्यायची फार हौस होती, तो थोडा हिरमुसला, पण आम्ही आईला सांगून टाकलं. ती आधी "कशाला एवढा खर्च" म्हणाली, आणि संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर तिने स्वतःची यादी केली: 'चष्मा न लावता दिसावं. बोटं दुखू नयेत. पावसाळ्यात बिघडू नये. फोटोवर तारीख-वेळ असावी.'

माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या चार ओळी कामाच्या ठरल्या.

तिच्या ८ बाय ४२ च्या दुर्बिणीचं वजन वहिनीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरलं. ही दुर्बीण आई सकाळभर वापरते, मधेमधे खाली सोडते, पण तक्रार करत नाही. म्हणजे तिच्या हाताची मर्यादा आम्हाला आकड्यात मिळाली. आता याद्या पुन्हा बघितल्या. निकॉनचा पी१०००, ज्याची पोच ३००० पर्यंत जाते, तो १४१५ ग्रॅम. गेला. सोनीचा आरएक्स१० मार्क ४, ज्याचा सेन्सर ब्रिज कॅमेऱ्यांत मोठा आणि लेन्स उत्तम, तो १०९५ ग्रॅम, शिवाय किंमत लाखाच्या वर आणि पोच ६०० पर्यंतच. गेला. निकॉनचा पी९५०, पोच २०००, वजन १००५ ग्रॅम. आर५० आणि १००-४०० ची लेन्स मिळून ३७५ अधिक ६३५, म्हणजे १०१० ग्रॅम. आणि कॅननचा एसएक्स७०, पोच १३६५, वजन ६१० ग्रॅम.

कागदावर उत्तर दिसत होतं. पण माझं मन पी९५० वर होतं. २००० ची पोच, डायलवर पक्ष्यांसाठी वेगळी खूण, लेन्सच्या बाजूला डाव्या हाताने चालवायची झूमची पट्टी. शिवाय हाताने वजन पेलायचंच कशाला, टेकू देता येईल, असं मला वाटत होतं. म्हणून पुण्यात भाड्याने कॅमेरे देणाऱ्या एका ठिकाणाहून मी तो शनिवार-रविवारसाठी घेतला आणि नाशिकला गेले. ही सोय फार चांगली आहे, आणि भेट द्यायच्या आधी लोक ती का वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. एवढ्या किमतीच्या वस्तूत भाड्याचे पैसे म्हणजे काहीच नाहीत.

रविवारी उजाडताना आम्ही नांदूरला मनोऱ्यावर होतो. थंडी कडक. पाण्यावर धुकं, त्यातून चक्रवाकांचा आवाज. आईने कॅमेरा कठड्यावर टेकवला आणि पहिल्यांदा २००० पर्यंत झूम केला तेव्हा जांभळी पाणकोंबडी अख्ख्या चौकटीत आली. लाल चोच, पायाची लांबच लांब बोटं, बोटांत धरलेला देठ. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला वाटलं, झालं, हाच.

दोन-अडीच तासांनी चित्र बदललं. पहिली गोष्ट हवेची. साडेनऊच्या पुढे ऊन चढलं आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागली. उन्हाने तापलेली हवा आणि गार पाणी यांच्यामुळे दूरचं सगळं लहरतं. डोळ्याला ते जाणवत नाही, पण २००० ला झूम केलं की पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. जवळच्या बदकांचे फोटो चांगले, लांबच्यांचे सगळे मऊ, पिसं एकमेकांत मिसळलेली. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. कितीही महाग लेन्स आणा, हवा तीच असणार. म्हणजे १३६५ आणि २००० यांच्यातली जी जास्तीची पोच मला एवढी मोलाची वाटत होती, ती सकाळच्या पहिल्या दोन तासांपुरतीच पुरी कामाची होती.

दुसरी गोष्ट आईच्या मनगटाची. मनोऱ्यावरून खाली उतरून बांधावरून चालायला लागलो, तिथे कठडा नाही. झुडपावर वेडा राघू बसलेला, वीस-पंचवीस फुटांवर. आईने कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, आणि तो फोकस करेपर्यंत तिचा हात खाली आला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा तिने तो माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "तू काढ."

ते दोन शब्द मला लागले. जी भेट तिला दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल ती तिची कशी?

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात गेलो. आता अशा दुकानांत कॅमेऱ्यांचं कपाट लहान झालंय. २०१० मध्ये जगभरात वर्षाला बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विकले जायचे, २०२३ पर्यंत ते ऐंशी लाखांच्या आत आले. बाकीच्यांची जागा फोनने घेतली. म्हणून जे दुकान अजून दोन-तीन मॉडेलं हाताळायला काढून ठेवतं त्याचं मला कौतुक वाटतं. काउंटरवरचा मुलगा समजूतदार होता. पहिल्या दोन मिनिटांत त्याने झूमच्या पटी सांगून पाहिल्या, मग आईने "मला आधी धरून बघू दे" म्हटल्यावर तो गप्प झाला आणि स्टूल पुढे केलं. "बसा काकू, निवांत बघा."

आर५० आणि १००-४०० ची लेन्स त्याने जोडून दिली. वजन होतंच, पण अडचण वेगळीच निघाली. या लेन्सचा झूम कडं फिरवून होतो. डाव्या हाताने लेन्स पेलायची आणि त्याच हाताने कडं पिळायचं. डब्याचं झाकण उघडताना लागतो तोच जोर. संधिवात उजव्या अंगठ्यात असला तरी डावाही काही फार चांगला नाही, आणि आईने दोनदा फिरवून कॅमेरा काउंटरवर ठेवला. कुठल्याही तक्त्यात 'झूम कसा होतो' हा रकाना मी पाहिला नव्हता. ब्रिज कॅमेऱ्यात मोटर झूम करते, आपण तर्जनीने छोटा दांडा ढकलायचा. आईची तर्जनी शाबूत आहे.

मग एसएक्स७०. तिने तो उचलला, आणि उचलूनच धरला. मी घड्याळ बघत होते, ती दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेली घार बघत होती. हात खाली आला नाही. पकडीचा उंचवटा तिच्या बोटांत नीट बसत होता.

त्यानंतर डोळ्याचा प्रश्न. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आईच्या डोळ्यांत बसवलेली भिंगं दूरच्या नजरेची आहेत. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काही बघायचं तर चष्मा चढवायचा, पक्षी बघायला काढायचा, पुन्हा चढवायचा. मैदानात ते शक्य नाही. यावर उपाय कॅमेऱ्याच्या आतच असतो आणि फार थोड्या लोकांना माहीत असतो. डोळा लावायच्या खिडकीच्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं. ते फिरवलं की आतलं चित्र आपल्या नजरेला जुळतं. मी ते फिरवत गेले, आईने "थांब, आलं" म्हटलं, आणि आतली बारीक अक्षरंसुद्धा तिने चष्म्याशिवाय वाचून दाखवली. त्याहून उपयोगाचं म्हणजे काढलेला फोटो तिथेच, खिडकीतच बघता येतो. पडद्याची गरजच उरत नाही. यासाठी व्ह्यूफाइंडर नसलेला एकही कॅमेरा मी वयस्कर माणसासाठी घेणार नाही. उन्हात पडदा तसाही दिसत नाही.

मी माझं स्वतःचं मेमरी कार्ड बरोबर नेलं होतं. त्या मुलाच्या परवानगीने आईने दुकानाच्या पायरीवरून घारीचे, विजेच्या तारेवरच्या कोतवालाचे आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढले. पाटीचे मुद्दाम, कारण अक्षरांच्या कडा किती रेखीव आहेत ते लगेच कळतं. ते कार्ड घरी आणून लॅपटॉपवर बघितलं. कोतवालाच्या दुभंगलेल्या शेपटीचं प्रत्येक पीस वेगळं नव्हतं, आर५० ने ते दिलं असतं. पण तो कोतवाल आहे, डोळा लालसर आहे, चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका आहे, एवढं नक्की दिसत होतं. ओळख पटवायला पुरेसं. तिच्या वहीला तेवढंच हवं होतं.

निर्णय आईने घेतला. आम्ही कुणी सुचवलं नाही. ती म्हणाली, "मला हा लहान द्या."

दुसऱ्या एका दुकानात तोच कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळत होता, बिलाशिवाय. बाहेरून आणलेला पीस. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीला अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, तरी ती बचत लोकांना खुणावते. पण अशा पीसला भारतातली वॉरंटी मिळत नाही, आणि मोटरवर चालणाऱ्या लांब लेन्समध्ये काही बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च सोसवत नाही. आम्ही पक्कं बिल घेतलं, खोक्यावरचा, कॅमेऱ्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे का ते काउंटरवरच ताडून पाहिलं. बरोबर फुकट मिळणारा ट्रायपॉड नाकारला. तो इतका हलका होता की वाऱ्याने कॅमेऱ्यासकट पडला असता. त्याऐवजी एक जादा बॅटरी घेतली. ती अत्यावश्यक आहे, कारण एका बॅटरीत तीनशेच्या आसपास फोटो निघतात आणि सारखं खिडकीतून बघितलं तर त्याहूनही कमी. पक्षी बघणाऱ्याला सकाळी दहालाच ती संपलेली सापडते.

टेकूसाठी आईने जे केलं त्याचा मला विशेष आनंद झाला. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक कठड्यावर किंवा गाडीच्या खिडकीवर वाळूची किंवा दाण्यांची पिशवी ठेवतात आणि तिच्यावर लेन्स टेकवतात. बाजारात ती मिळते. आईने कपाटातून भाच्याची राईची उशी काढली, तान्ह्या बाळाचं डोकं गोल राहावं म्हणून केलेली. जुन्या जीनच्या पायाची खोळ शिवून त्यात ती बसवली. राईचे दाणे बारीक आणि गोल, त्यामुळे लेन्स ठेवली की उशी बरोबर तिच्या आकाराची होते आणि जराही हलत नाही. विकतच्या पिशवीपेक्षा सरस आहे, हे मी दोन्ही वापरून सांगते.

कॅमेरा घरी आल्यावर पहिलं काम तारीख आणि वेळ लावायचं. तिच्या यादीतली शेवटची मागणी. प्रत्येक फोटोच्या आत ती नोंद आपोआप राहते आणि वहीतल्या नोंदीशी जुळवता येते, पण घड्याळच चुकीचं असेल तर सगळी वही बिघडेल. मग मी डायल टीव्ही अशा खुणेवर ठेवला, जिथे शटरचा वेग आपण ठरवायचा आणि बाकी कॅमेरा बघतो. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग, हालचाल असेल तर हजारावा. आईने ते वहीत लिहून घेतलं, खाली समासात 'का?' असं विचारून त्याचं उत्तरही माझ्याकडून घेतलं.

सर्वांत कठीण गेलं पक्षी सापडणं. १३६५ वर चौकट इतकी अरुंद असते की समोरच्या फांदीवरचा पक्षी खिडकीत काही केल्या येत नाही. नुसती पानं. नवशिक्या माणसाचा सगळा उत्साह इथे मावळतो. या कॅमेऱ्यावर त्यासाठी एक बटण आहे. दाबून धरलं की झूम मागे येतो, आसपासचा परिसर दिसतो आणि मधे एक चौकोन. त्या चौकोनात पक्षी आणायचा, बटण सोडायचं, झूम पुन्हा पुढे जातो. गॅलरीत पाण्याचं भांडं आहे, तिथे दुपारी बुलबुल, चिमण्या आणि एक दयाळ येतो. आईने त्यांच्यावर रोज सराव केला. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी आणि त्याच्या जवळची एखादी खूण, सुकी फांदी किंवा कुंडीचा काठ, पक्की करायची, नजर तिथेच ठेवून कॅमेरा डोळ्याकडे आणायचा. हे तिचं तिने शोधून काढलं आणि नंतर मला शिकवलं.

पावसाळ्याची सोय स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात केली. सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. नाशिकच्या पावसात घरातली आर्द्रता सहज सत्तरच्या वर जाते, आणि अशा दमट, अंधाऱ्या जागी लेन्सच्या आत बुरशी धरते. एकदा धरली की काचेवरचा लेप खाते. डब्यातला काटा चाळीस-पन्नासच्या आसपास राहिला की बरं. वर गेला की आई पुड्या तव्यावर हलक्या गरम करून पुन्हा ठेवते.

या कॅमेऱ्याच्या उणिवाही आम्हाला आता नीट कळल्या आहेत. भोवत्यासारखा शिकारी पक्षी उडत असला तर त्यात धड सापडत नाही. फोकस पोचेपर्यंत तो लव्हाळ्यापलीकडे गेलेला असतो. सूर्य उगवायच्या आधीचे फोटो खरखरीत येतात, वहीसाठी चालतात, छापायला नाहीत. पडद्याला बोट लावून काही होत नाही, सगळं बटणांनी, याची दादाला सारखी चुटपुट लागते. आईला लागत नाही, कारण ती पडदा मिटूनच ठेवते.

गेल्या हिवाळ्यात तिने भुवई बदकाच्या मादीचा फोटो काढला. ऊन बाजूने होतं, डोळ्यावरची पट्टी आणि चोचीच्या मुळाशी असलेला फिकट डाग स्पष्ट. तो तिने मला पाठवला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने चेपून त्याचा चिखल केला होता. मग मी तिला तो फाइल म्हणून, डॉक्युमेंटमधून पाठवायला शिकवलं. आता तिच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण तिला त्यांच्याकडचे पक्ष्यांचे फोटो ओळखायला पाठवतात आणि ती त्यांना पहिला प्रश्न विचारते, "किती वाजता काढलास?"

या वर्षी तिला भिगवणला जायचंय, उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. तिथे होडीतून फिरावं लागतं. होडीत कठडा नाही, म्हणजे राईची उशी उपयोगाची नाही, आणि कॅमेरा सगळा वेळ मानेवर पेलणं तिला जमणार नाही. खांद्यांवरून छातीवर येणारा पट्टा मिळतो, ज्यात वजन मानेऐवजी पाठीवर जातं. त्याची बकलं अंगठ्याने दाबायची असतात की नुसती ओढून निघतात, ते आईला बरोबर नेऊन बघायचं आहे.